प्रतिसाद: दोन आठवडे झाले, तरी दम लागतोच

रंकाळ्यावर दोन आठवडे चालूनही दम लागतो, उलट जास्तच थकायला होतं, मग सोडून देऊ का, असं वर विचारलंय. अहो दादा, सोडू नका! हेच आठवडे सगळ्यात जड जातात. झोप आणि मन लवकर सुधारतं, ते बघा आधी. दम कमी व्हायला बहुतेकांना सहा ते आठ आठवडे लागतात, कारण स्नायूंत नवीन केशवाहिन्या, म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिन्या, तयार व्हायला वेळ लागतोच. पायांचं दुखणं वेगळं. ते व्यायामानंतर एक ते तीन दिवस जास्त असतं, मग उतरतं.

मला वाटतं, तुमचा वेग जास्त होतोय. शालिनी पॅलेसच्या बाजूनं चालताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की पाय आवरा. तालमीतसुद्धा नव्या पोराला जोर-बैठका हळूहळूच वाढवून देतात. आठवड्याला १५० मिनिटं हे जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण पहिल्याच महिन्यात गाठायचा हट्ट नको.

छातीत दुखलं, चक्कर आली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि रोज सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजून लिहून ठेवा, काही आठवड्यांनी आकडा उतरलेला दिसेल.