मदत हवी आहे: एक्सएसएलटीने बारा पिढ्यांची गोल वंशावळ कशी काढू?

नमस्कार मंडळी,

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत नव्याने छापायचा आहे. जुन्या पुस्तकातली माहिती दोन वर्षं खपून एक्सएमएलमध्ये (माहिती टॅगमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या खुणांमध्ये, ठेवायची पद्धत) उतरवली. एकूण ३,४०० माणसं, बारा पिढ्या. जुन्या पुस्तकात लेकीचं नाव यायचं आणि रेघ तिथेच संपायची. त्यांच्या पुढच्या पिढ्या फोनाफोनी करून मी जमवल्या. टॅगही मराठीच ठेवलेत: 'व्यक्ती', 'जन्म', 'गाव'. एक्सएमएलला देवनागरी टॅग चालतात हे कळल्यावर फार आनंद झाला, कारण फाइल तपासतात माझे काका. मुलांचे टॅग आईच्या किंवा वडिलांच्या टॅगच्या पोटात आहेत.

पुस्तकाची पानं एक्सएसएलटीने (एक्सएमएलचं रूपांतर करणाऱ्या भाषेने) छान निघतात, ते तिचं रोजचंच काम. आता त्याच फाइलीतून वंशावळीचं चित्र हवं आहे, मूळ पुरुष मध्यभागी आणि पिढ्या बाहेर पसरत गेलेल्या. एसव्हीजी (चित्र मजकुरात लिहायची पद्धत) म्हणजे शेवटी एक्सएमएलच, म्हणून हे जमावं असं वाटतं. कृपया पायथन सुचवू नका. एक नाव दुरुस्त केलं की पुस्तक आणि चित्र दोन्ही एकाच आज्ञेत बदलले पाहिजेत.

अडलंय दोन ठिकाणी. व्हेरिएबलची किंमत एकदा दिली की बदलता येत नाही, म्हणून जागा मोजायला मी एका माणसाकडून पुढच्याकडे रिकर्शन (त्याच कृतीने स्वतःलाच पुन्हा बोलावणं) केलं. एक्सएसएलटीप्रॉक (एक्सएसएलटी चालवणारा प्रोग्राम) ३,००० पातळ्यांवर थांबतो. मर्यादा वाढवली तर चालतं, पण हा मार्ग बरोबर वाटत नाही. दुसरं म्हणजे, गोलासाठी साइन-कोसाइन लागतात आणि एक्सएसएलटीच्या १९९९ च्या १.० आवृत्तीत ते नाहीत.

प्रतिसाद १

माणसं ओळीने चालत जाऊन मोजू नका, झाडातून खाली उतरा. ज्याच्या पोटात दुसरी व्यक्ती नाही ते 'टोक'. प्रत्येकाला त्याची डावी कड (त्याच्या आधी किती टोकं झाली तो आकडा) पॅरामीटर म्हणून द्या. मुलाची डावी कड म्हणजे पालकाची डावी कड अधिक आधीच्या भावंडांची टोकं. स्वतःची जागा म्हणजे डावी कड अधिक स्वतःच्या टोकांचा निम्मा आकडा (जो स्वतःच टोक आहे त्याचं १ धरा). काहीही बदलावं लागत नाही आणि खोली पिढ्यांइतकीच राहते.

या भाषेकडून असली कामं पूर्वीपासून करून घेतली जातात. २.० आवृत्तीचे संपादक मायकेल के यांनी बुद्धिबळाच्या घोड्याची ६४ घरांची फेरी एक्सएसएलटीत सोडवली होती. तुमचं चित्र नक्की होईल.

प्रतिसाद २

साइन-कोसाइन लागतच नाहीत! एसव्हीजीचं रोटेट थेट अंश घेतं. नाव आडव्या रेषेवर पिढीच्या त्रिज्येइतकं लांब ठेवा आणि अख्खा गट फिरवा. कोन = जागा × ३६० ÷ एकूण टोकं. भावंडांना जोडणाऱ्या कमानीसाठी पूर्ण वर्तुळ काढा, त्याची पाथलेंग्थ (रेषेची मानायची एकूण लांबी) ३६० ठेवा, डॅशअ‍ॅरेमध्ये (तुटक रेषेतली रेघ आणि मोकळी जागा यांच्या लांब्या) कमानीचे अंश आणि मग ३६० लिहा, आणि पहिल्या मुलाच्या कोनाइतकं फिरवा. तेवढीच कमान उमटेल.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार! काल रात्री चित्र निघालं, मर्यादा न वाढवता. टोकं सुमारे २,००० आहेत. एका नावाला २ मिलिमीटर दिले तर परीघ ४ मीटर, म्हणजे व्यास जवळपास सव्वा मीटर. पुस्तकात मावणार नाही, संमेलनात भिंतीवर लावू.

एकच राहिलं: डाव्या अर्ध्यातली नावं उलटी दिसतात.

प्रतिसाद २

कोन ९० ते २७० मध्ये असेल तर नाव त्याच्याच जागेवर आणखी १८० अंश फिरवा आणि टेक्स्ट-अँकर (नावाचं कुठलं टोक जागेवर टेकवायचं ते) 'एंड' करा. एका चूजमध्ये (एक्सएसएलटीतली 'असं असेल तर' ही अट) होतं.

धागाकर्ती

झालं. काकांना पाठवलं, तर त्यांनी सगळ्यात आधी त्यांच्या आत्याची रेघ शोधली. ती आता बाहेरच्या कडेपर्यंत जाते.