शाळेतली जर्मन : पाठ करायची की बोलायची?

प्रतापनगरचा बाप

लेक नववीत आहे. सहावीपासून शाळेत जर्मन. मागच्या वार्षिकला शंभरपैकी ९१ पडले, पेढे तेवढे वाटायचे राहिले होते. गेल्या महिन्यात मेहुण्याच्या कंपनीतले एक जर्मन पाहुणे नागपुरात आले. सकाळी त्यांना तर्री-पोहे खायला नेलं, लेकीला मुद्दाम सोबत घेतलं. पाहुण्यांनी प्लेटमधल्या लाल तवंगाकडे बोट दाखवून तिला विचारलं, "व्हास इस्ट दास?" हे काय आहे? तीन शब्द, पहिल्या धड्यातले. पोरगी माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

घरी परतताना गाडीत तिनं मला 'माइने फामिलिए' म्हणजे 'माझं कुटुंब' हा निबंध धडाधड म्हणून दाखवला. मधे एक ओळ सुटली तर तिथून पुढे जाता येईना, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

त्याच दिवशी मी गाइड उचलून कपाटावर टाकलं. आता घरात नियम केलाय : निबंध पाठ करणं बंद, एकेक शब्द दहादा लिहून काढणं बंद. रोज वीस मिनिटं ऐकायचं आणि मोठ्यानं बोलायचं, चुकलं तरी चालेल. माझं स्पष्ट मत आहे की पाठांतरानं भाषा येत नाही, फक्त गुण येतात. यावरून घरात दोन पक्ष पडलेत आणि सहामाही तोंडावर आहे. बोला.

जर्मनवाली मॅडम

सोळा वर्षं शाळेत हीच भाषा शिकवते, म्हणून राहवत नाही. दादा, निबंध पाठ करू नये इथपर्यंत तुमच्याशी सहमत. पण 'पाठांतर बंद' हे वाक्य पोरांच्या कानावर पडलं की ती सोयीचं तेवढंच ऐकतात. जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी : डेअर ल्योफेल, दी गाबेल, दास मेसर. एकाच ताटाशेजारी तीन लिंगं, आणि त्यामागे पोरांना सांगण्याजोगं काही कारण नाही. शब्दासोबत त्याचं डेअर-दी-दास तोंडात बसलं नाही तर पुढे विशेषणही चुकतं, विभक्तीही चुकते. हे 'ऐकून ऐकून' येतं, पण ज्याच्या घरात दिवसभर जर्मन चालते त्याला. माझ्या वर्गात पंचेचाळीस मुलं आणि पस्तीस मिनिटांचा तास. मुलामागे एक मिनिटसुद्धा येत नाही. बोलायला कधी लावू?

इतवारीचा पोट्टा

मॅडम, राग नका मानू, पण खरी गडबड दुसरीच आहे. तुम्ही लोक जर्मन अन् फ्रेंच शिकवता इंग्रजीतून. अन् पोट्टं घरी बोलते मराठी. मग कसं जमन?

इंग्रजीत टेबलाला लिंगच नाही, म्हणून इंग्रजीतून समजावलं की पोट्ट्याले वाटते हे काय नवीन लफडं. हिंदीतबी दोनच लिंगं. आपल्या मराठीत तं तिन्ही आहेत न बाप्पा! तो चमचा, ती सुरी, ते ताट. जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी आहे, दास म्येडशेन, म्हणून सारे हसतात. आपण नाही म्हणत का, 'ते पोट्टं कुठं गेलं'? त्यांच्याकडं शेवटी 'शेन' लागलं की शब्द लहानगा होते अन् नपुंसकात जाते. आपलं पोरगं, कोकरू, वासरू पहा.

मी फ्रेंच शिकलो. सत्तरले ते लोक साठ-दहा म्हणतात, ऐंशीले चार-वीस. वर्गात सारे डोकं धरून बसले. माही आजी काटोलकडची, संत्री विसा-विसानंच मोजे. मले ऐंशी म्हणजे चार विसा हे नवीन नव्हतंच. नव्व्याण्णव म्हणजे चार विसा अन् एकोणीस. एका दिवसात आकडे आले.

जर्मनवाली मॅडम

इतवारीचे भाऊ, राग कसला, तुमचं अर्धं पटलं. 'कारण मी थकलो आहे' हे जर्मनमध्ये 'व्हाइल इष म्यूडे बिन' असं होतं, क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच. इंग्रजीतून विचार करणारी मुलं तिथे हमखास चुकतात. मी वर्गात मराठी वाक्य फळ्यावर लिहून दाखवते तेव्हा दोन मिनिटांत काम होतं.

पण हाच पूल पुढे दगा देतो. 'मी मुलाला सफरचंद देतो' आणि 'मी मुलाला पाहतो', मराठीत दोन्हीकडे 'ला'. जर्मनमध्ये पहिल्या वाक्यात 'डेम किंड' आणि दुसऱ्यात 'दास किंड'. मराठीवर विसंबणारं मूल दोन्हीकडे 'डेम' लावून मोकळं होतं. लिंगाचंही तसंच. घर आणि पुस्तक दोन्हीकडे नपुंसक, छान. पण आपला सूर्य तो आणि त्यांची सूर्य ती. तीन लिंगं असतात ही कल्पना मराठीतून घ्या. कोणता शब्द कुठल्या खणात, ते पाठच करावं लागतं. फिरून मी माझ्याच मुद्द्यावर आले, माहीत आहे.

निवृत्त संस्कृत शिक्षक

देवः देवौ देवाः घोकल्याशिवाय कोणाला विभक्ती आली, ते दाखवा. आमच्या वेळी छडी होती आणि आजही झोपेतून उठवलंत तर रूपं सांगतो.

प्रतापनगरचा बाप

सर, आदर ठेवून विचारतो. झोपेतून उठवून तुम्हाला संस्कृतात कोणी 'पाणी हवं का' विचारलं, तर उत्तर द्याल का?

निवृत्त संस्कृत शिक्षक

देईन. जलं मास्तु, चायं देहि.

प्रतापनगरचा बाप

हरलो सर.

मानसशास्त्रवाला, धरमपेठ

चर्चा रंगली, पण 'पाठांतर विरुद्ध बोलणं' ही जोडीच चुकीची लावली आहे. प्रश्न असा हवा की मूल डोक्यात *भरतंय* की डोक्यातून *काढतंय*. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली केलेला प्रयोग आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून पुस्तक मिटलं आणि आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे. तुमच्या लेकीचे ९१ गुण म्हणजे 'पाच मिनिटांनंतरचा' निकाल होता, इतकंच.

शब्दांसाठी जर्मनांचीच एक जुनी युक्ती वापरा. सेबास्टियान लाइटनर नावाच्या पत्रकारानं १९७०च्या दशकात ती मांडली. एका डब्यात पाच कप्पे करायचे. चिठ्ठीच्या एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला जर्मन, त्याच्या डेअर-दी-दाससकट. सगळ्या चिठ्ठ्या पहिल्या कप्प्यात. आठवला तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकला तर कुठूनही परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज काढायचा, दुसरा दोन-तीन दिवसांनी, तिसरा आठवड्यानं, असं अंतर वाढवत न्यायचं. ज्या शब्दांची भीती वाटते ते आपोआप रोज समोर येतात, पाठ झालेले त्रास देत नाहीत. याला मॅडम पाठांतर म्हणतील, दादा म्हणणार नाहीत. नावात काय आहे, चिठ्ठ्या कापायला घ्या.

कामठी रोड

जपानी शिकणाऱ्यांची बाजू कोणीच मांडली नाही, म्हणून लिहितो. आमच्याकडे ड्रॅगन पॅलेस या बुद्धविहाराला जपानी पाहुणे येतात, ते पाहून भाचीनं जपानी सुरू केली. शेहेचाळीस अक्षरं ऐकून घाबरली होती. मी तिला म्हटलं, क्रम नीट बघ : आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना. हा क्रम आपल्या वर्णमालेवरूनच गेलेला आहे. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे. तिला इंग्रजीपेक्षा सोपी वाटते म्हणे. कांजीपर्यंत, म्हणजे चिनीवरून आलेल्या चित्रलिपीपर्यंत, अजून पोचलेली नाही, तेव्हा जरा थांबून बोलतो.

अकरावी, पण जर्मन सोडलेली

सगळे मोठे बोलून राहिले म्हणून एका विद्यार्थिनीचंही ऐका. मी जर्मन गुणांसाठीच घेतली होती. आमच्या बॅचमधल्या निम्म्या मुलांनी याच कारणानं घेतली, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, कारण दहावीची टक्केवारी पुढे सगळीकडे विचारतात. काका, तुम्ही गाइड वर टाकलंत. पेपरात मात्र पत्रलेखन येणारच. ज्या शाळेत ओरलला थोडेसे गुण आणि बाकी सगळं लेखी, तिथे तुमच्या लेकीनं रोज वीस मिनिटं बोलून काय करायचं? पेपर बदला, मग मुलं बदलतील.

एक मात्र कबूल करते. दहावीच्या सुट्टीत लोकमान्यनगरवरून सीताबर्डीला मेट्रोनं जायचे, तेव्हा डॉइचे वेले या जर्मन प्रसारणसंस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या कानात लावायचे. परीक्षेचं ओझं नव्हतं. मास्क लावून त्यांच्यामागोमाग पुटपुटायचे, शेजारच्यांना वाटायचं जप करते आहे. त्या दोन महिन्यांत तीन वर्षांपेक्षा जास्त आलं. मग अकरावीचे क्लासेस सुरू झाले आणि संपलं सगळं.

जर्मनवाली मॅडम

बेटा, पेपर मी काढत नाही. पण ओरलला मी पाठ केलेल्या निबंधाच्या मधेच थांबवते आणि विचारते, 'तुझ्या भावाला काय आवडत नाही?' वर्गात एकदम शांतता. पालकांची तक्रारही आली आहे, सिलॅबसबाहेरचं विचारता म्हणून.

याच धाग्यातल्या पोरीची आई

अहो, मला वाटलं होतं तुम्ही ऑफिसचं काम करताय.

आता दुसरा पक्षही ऐका. गाइड कपाटावर टाकलं यांनी, रोज संध्याकाळी पोरीसोबत बसते मी. मला जर्मनचं ओ की ठो कळत नाही. गाइड होतं तेव्हा निदान पान उघडून 'म्हण' म्हणता तरी येत होतं. वीस मिनिटं मोठ्यानं बोलायचं, पण कोणाशी? बापाला रात्री साडेनवाशिवाय सवड नाही.

त्या पाहुण्यांच्या दिवशी ती गप्प का राहिली, तेही कोणी विचारलं नाही. मी विचारलं. तिला 'दास इस्ट' येत होतं. पुढे तर्रीला डेअर लावायचं, दी लावायचं की दास, ते ठरेना. चुकलं तर बाबा सगळ्यांसमोर हसतील, म्हणून बोलली नाही.

धरमपेठवाल्यांची चिठ्ठ्यांची युक्ती मला जमेल. समोर मराठी आहे, मागे उत्तर आहे, मला भाषा यायची गरज नाही. काल संत्रा बर्फीचा डबा घेऊन त्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे केले. चाळीस चिठ्ठ्या झाल्या. तर्रीची चिठ्ठी तिनं स्वतः लिहिली, मागे लिहिलंय 'दी तर्री', आपल्यासारखीच ती. मॅडम, चालेल का हो?

जर्मनवाली मॅडम

ताई, पळेल. आणि पाहुण्यांच्या प्रश्नाला नुसतं 'दास इस्ट तर्री' म्हटलं असतं तरी पुरलं असतं, तिथे डेअर-दी काही लागतच नाही. तिला सांगा.

प्रतापनगरचा बाप

सांगितलं. म्हणाली, "मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

बर्फी कुठे गेली ते मात्र घरात कोणी सांगायला तयार नाही.