सिव्हिल वॉर: नोंदणी म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: मार्व्हलच्या २००६-०७ च्या 'सिव्हिल वॉर' कॉमिक्समध्ये सुपरहिरोंसाठी नोंदणीचा कायदा येतो. त्यात फक्त नाव नोंदवलं की सुटका होत होती का? 'कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर' सिनेमातला करार तोच का?

उत्तर १: नाव ही पहिली पायरी. खरी ओळख सरकारला द्यायची, प्रशिक्षण घ्यायचं, मग सरकारी आदेशाने काम. नकार दिला तर निगेटिव्ह झोन या दुसऱ्या मितीतल्या '४२' नावाच्या तुरुंगात रवानगी. अमेरिकेतल्या स्टॅमफर्ड शहरात नायट्रो या खलनायकाने शाळेजवळ स्फोट केला, ६०० हून अधिक माणसं गेली, त्यातून हा कायदा आला.

उत्तर २: एक दुरुस्ती. ओळख सरकारला द्यायची होती, जगाला नव्हे. स्पायडरमॅनने पत्रकारांसमोर मुखवटा काढला तो कायद्याच्या बाजूने असलेल्या टोनी स्टार्कच्या (आयर्न मॅन) आग्रहाखातर. पुढे किंगपिन या गुन्हेगारी टोळीच्या म्होरक्याने तुरुंगातून मारेकरी लावला आणि गोळी स्पायडरमॅनच्या मे काकूंना लागली. खरा धोका नोंदलेल्या खऱ्या ओळखींच्या यादीचा! कारभार खलनायक नॉर्मन ऑस्बॉर्नकडे गेला, तेव्हा यादीची एकच प्रत उरली होती, टोनीच्या मेंदूत. ती पुसताना त्याची स्वतःची बुद्धीही टप्प्याटप्प्याने गेली. हा भाग जरूर वाचा.

उत्तर ३: सिनेमातला सोकोव्हिया करार वेगळा. ११७ देशांचा, आणि मुद्दा ओळखीचा नाही. ॲव्हेंजर्सनी (सुपरहिरोंच्या टोळीने) कुठे जायचं हे संयुक्त राष्ट्रांची समिती ठरवणार.