मदत हवी आहे: दुधाच्या दातांवरची ट्रायल, रँडमाइज (म्हणजे कोणतं औषध लावायचं ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणं) मूल करायचं की दात?

नमस्कार मंडळी. मी बालदंतरोगशास्त्रात एमडीएस करतेय. बीड जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांच्या किडलेल्या दुधाच्या दाढांवर ३८ टक्के सिल्व्हर डायमाइन फ्लुओराइड (कीड थांबवणारं चांदीयुक्त द्रावण) आणि फ्लुओराइड व्हार्निश (दातावर लावायचा फ्लुओराइडचा लेप) यांची तुलना करायची आहे.

एकेका मुलाचे तीन-चार दात किडलेले असतात. एकाच तोंडात दोन्ही औषधं लावली तर लाळेतून फ्लुओराइड पसरणार, म्हणून मूलच रँडमाइज करावं असं मला वाटतं. पण एकाच मुलाचे दात एकमेकांसारखेच वागतात, मग नमुनासंख्या किती वाढवायची? शिवाय सिल्व्हरने कीड काळी पडते, तपासणाऱ्याला लगेच कळतं. ब्लाइंडिंग, म्हणजे कोणतं औषध लावलंय ते तपासणाऱ्याला कळू न देणं, कोणी कसं केलंय?

खरी काळजी वेगळीच आहे. ऊसतोड कामगारांची मुलं दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर फडावर जातात, ती थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मग सहा महिन्यांची फेरतपासणी कशी बसवायची? त्यांना वगळणं मला अजिबात पटत नाही, गरज त्यांनाच जास्त आहे.

पहिलं मूल घेण्याआधी सीटीआरआयवर (भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सची नोंदवही) नोंदणी व्हायला हवी, म्हणून हे आधीच ठरवायचंय. मराठी संमतीपत्रात काळ्या डागाचं ठळक लिहिलंय. कोणी वाचून पाहील का?