मोटरहोमच्या जनरेटर-कप्प्यातील झिजलेले ध्वनिरोधक अस्तर कसे बदलावे?

ओहायोकर

नमस्कार. गेल्या वर्षी आम्ही २००६ सालचे एक जुने 'क्लास सी' मोटरहोम (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली, आत राहण्याची सोय असलेली गाडी) घेतले. त्यात पेट्रोलवर चालणारा, एका सिलिंडरचा ४००० वॅटचा जनरेटर असून त्याचा पत्र्याचा कप्पा मागच्या पलंगाच्या बरोबर खाली येतो. हिवाळ्यासाठी गाडी झाकून ठेवण्यापूर्वी कप्प्याचे दार उघडले, तेव्हा आतल्या अस्तराची अवस्था लक्षात आली. काळ्या फोमला बोट लावले की तो ओल्या राखेसारखा सुटून येतो आणि बोटाला डांबरासारखा चिकटतो. छताचा एक मोठा तुकडा एका कडेने सुटून थेट जनरेटरवर टेकला आहे, आणि थंड हवा आत ओढणाऱ्या जाळीवर त्याच चुऱ्याचा थर बसला आहे. पूर्वीच्या मालकाने एका कोपऱ्यात व्यायामाच्या चटईचा निळा तुकडा चिकटवला होता. त्याची एक कड वितळून मेणबत्तीसारखी ओघळली आहे.

एसीसाठी जनरेटर चालवला की मागच्या पलंगावर बसून एकमेकांशी बोलणे कठीण होते. त्याहून अधिक संकोच बाहेरच्या आवाजाचा वाटतो. इथे अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत ५० फुटांवर ६० डेसिबलहून अधिक आवाज करणारे यंत्र चालवता येत नाही, आणि आमचा जनरेटर ती मर्यादा पाळत असेल असे मला वाटत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. जुना फोम संपूर्ण काढावा की केवळ सैल झालेला? त्या जागी कोणते साहित्य लावावे? घराच्या भिंतीत भरतात ती गुलाबी फायबरग्लासची गुंडाळी दुकानात स्वस्त मिळते, ती चालेल का? आणि छताला लावलेले अस्तर पुन्हा खाली येऊ नये म्हणून काय करावे?

डेसिबल

अस्तर बदलावेच लागेल, कारण जनरेटरवर टेकलेला आणि जाळीत अडकणारा फोम हा आवाजाचा नव्हे, तर आगीचा आणि यंत्र तापण्याचा प्रश्न आहे. तोवर जनरेटर चालवू नये. मात्र नव्या अस्तराकडून किती अपेक्षा ठेवायची, हे साहित्य मागवण्यापूर्वी ठरवलेले बरे.

अमेरिकेत ६० हर्ट्झची वीज लागते, म्हणून असे बरेच जनरेटर मिनिटाला ३६०० फेऱ्यांवर चालतात. एका सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा स्फोट होतो, म्हणजे सेकंदाला ३० वेळा. ३० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी ११ मीटरहून अधिक असते. तिच्यापुढे एक इंच फोम म्हणजे पुराला पदर आडवा धरण्यासारखे आहे. एवढ्या जाडीचा फोम ज्या आवाजावर खरोखर काम करतो, तो साधारण हजार हर्ट्झच्या वरचा, म्हणजे झडपांची टकटक, पंख्याची शीळ आणि कप्प्यात घुमणारा खणखणाट. पलंगावर जाणवणारी घरघर बहुतांशी रबरी माउंटमधून, म्हणजे जनरेटर ज्या रबरी आधारांवर बसतो त्यांतून, आणि पत्र्यातून वर चढते.

म्हणून कप्पा रिकामा झाल्यावर आधी माउंट पाहावेत. रबराला चिरा पडल्या असतील, ते तेलाने फुगले असेल किंवा जनरेटर एका बाजूला कलला असेल, तर माउंट बदलल्याने जो फरक पडेल तो कोणत्याही फोमने पडणार नाही. दुसरी तपासणी एक्झॉस्टची. जोडाजवळ काजळीची काळी रेघ दिसली तर तिथून धूर गळतो आहे असे समजावे. त्या गळतीचा फटफट आवाज अस्तराच्या माथी मारला जातो, आणि झोपण्याच्या जागेखाली कार्बन मोनॉक्साइड सुटत राहतो. या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. आतला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म चालू आहे का आणि त्याची मुदत संपली आहे का, हे त्याच्या मागच्या बाजूस छापलेल्या तारखेवरून आजच पाहावे.

कॅनॉपीवाला_भोसरी

माझे मोटरहोमशी काही नाते नाही, परंतु भोसरीत जनरेटरच्या कॅनॉपी (जनरेटरभोवतीच्या ध्वनिरोधक पेट्या) बनवण्यात माझी एकोणीस वर्षे गेली आहेत, म्हणून साहित्याबद्दल लिहितो. आपल्याकडे भारतात १००० केव्हीएपर्यंतच्या (केव्हीए हे जनरेटरच्या क्षमतेचे एकक) डिझेल जनरेटरचा आवाज कॅनॉपीपासून एक मीटरवर ७५ डेसिबलच्या आत असावा, हा नियम २००५ च्या जानेवारीपासून लागू झाला आणि आमच्या शेडमध्ये रॉकवूलचे (दगड वितळवून काढलेल्या लोकरीचे) ढीग लागू लागले. आम्ही रॉकवूलच्या पाट्या काचेच्या टिश्यूत गुंडाळून वरून जाळीचा पत्रा ठोकतो. रॉकवूल जळत नाही आणि स्वस्त पडते. तरीही मी ते तुम्हाला सुचवणार नाही, आणि गुलाबी गुंडाळी तर मुळीच नाही. आमची कॅनॉपी जमिनीवर स्थिर उभी असते. तुमचा कप्पा हजारो मैल हादरत जाणार. सैल लोकर त्या हादऱ्यांनी खाली बसते, पाणी व तेल धरून ठेवते आणि तिचे तंतू थंड हवेबरोबर यंत्रात ओढले जातात.

तुमच्या फोमची राख का झाली, तेही सांगतो. पॉलियुरेथेन फोम दोन जातींचा असतो. पॉलिएस्टर जातीचा फोम तेलापुढे टिकतो, पण ऊब आणि दमट हवा यांत काही वर्षांनी त्याचे रेणू पाण्याने तुटतात, आणि मग तुम्ही वर्णन केलेला तो चिकट चुरा होतो. पॉलिइथर जात दमटपणात टिकते, पण तेल-पेट्रोल लागले की फुगते. त्यामुळे कोणताही फोम घेतला, तरी त्याचा पृष्ठभाग पातळ ॲल्युमिनियम-लेपित पापुद्र्याने झाकलेला असावा आणि कापलेल्या कडा ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बंद कराव्यात. उघडी कड म्हणजे दिव्याची वात. तेल तिथूनच शोषले जाते.

सर्वांत भरवशाचा पर्याय मेलामाइन फोमचा. तो २०० अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता सोसतो आणि ज्वाला लागली तरी वितळून ठिबकत नाही. दोष एवढाच की तो ठिसूळ आहे. बोटाने दाबला की खड्डा राहतो, म्हणून त्यावर पापुद्रा हवाच. विक्रेत्याला आगीच्या वर्गीकरणाचा कागद मागावा आणि त्यावर 'यूएल ९४ व्ही-०' किंवा 'एचएफ-१' (ज्योत काढली की आपोआप विझणाऱ्या पदार्थांचे वर्ग) असे लिहिलेले पाहावे. 'वाहनांच्या ३०२ क्रमांकाच्या अमेरिकी मानकाला उतरतो' एवढ्यावर समाधान मानू नये. ते मानक प्रवासी बसतात त्या भागासाठी आहे आणि त्यात मिनिटाला १०२ मिलिमीटर वेगाने जळणारा पदार्थही उत्तीर्ण होतो. डब्यातून फवारायचा फोम आणि डांबरी चादर इंजिनच्या डोक्यावर कधीही लावू नये.

फोम केवळ आवाज शोषतो, अडवत नाही. अडवायला वजन लागते. दाराच्या आतल्या बाजूस चौरस मीटरला सुमारे ५ किलो वजनाची जड विनाइलची चादर मध्ये असलेला थरांचा फोम मिळतो. दार आणि छत या दोन ठिकाणी तो परवडला तर घ्यावा. उरलेल्या भिंतींना साधा चालेल.

भटकंती_जर्सी

कॅनॉपीवाल्या दादांचे सगळे पटले. हे काम मी तीन वर्षांपूर्वी स्वतः केले आहे, म्हणून हाताला लागलेल्या गोष्टी सांगते.

जुना फोम पूर्ण काढा. चुऱ्यावर नवा गोंद धरत नाही. सुरुवातीला बॅटरीची ऋण तार सोडा, जनरेटर पूर्ण थंड होऊ द्या, आणि शक्य असेल तर तो खाली उतरवून घ्या. आम्ही तो जागेवर ठेवून काम करायला गेलो आणि मागची भिंत शेवटी नवऱ्याने आरसा धरून, उताणे झोपून खरवडली. प्लास्टिकची पट्टी वापरा, म्हणजे पत्र्याचा जस्ताचा मुलामा निघणार नाही. उरलेला गोंद मिनरल स्पिरिटने (रंग पातळ करायच्या द्रावाने) मऊ पडतो, पण त्याची वाफ पेट घेते, म्हणून दार सताड उघडे ठेवा, हातमोजे आणि मास्क घाला, आणि पुसलेल्या चिंध्या पसरून बाहेर वाळवा. पेट्रोलने पुसण्याचा सल्ला आम्हाला एका शेजाऱ्याने दिला होता. तो आम्ही ऐकला नाही.

पत्रा उघडा पडला की आत विजेरी ठेवून दार लावा आणि वरून, पलंगाची फळी उचलून, अंधारात पाहा. आमच्या छताला तारांसाठी पाडलेल्या दोन भोकांतून उजेड येत होता. तिथून आवाजही येत होता आणि तिथूनच धूरही येऊ शकला असता. ती भोके आगरोधक सीलंटने बुजवली. राहत्या भागाच्या बाजूला कप्पा हवाबंदच असला पाहिजे. दाराच्या जाळीला आणि खालच्या हवेच्या वाटेला मात्र हात लावू नका.

मापासाठी आधी खोक्याच्या पुठ्ठ्याचे साचे कापा आणि ते लावून जनरेटर परत बसवून पाहा. पुस्तिकेत प्रत्येक बाजूला किती मोकळी जागा सोडायची ते दिलेले असते, आणि ते अंतर नव्या अस्तराच्या पृष्ठभागापासून मोजायचे, पत्र्यापासून नव्हे. आम्ही जुना एक इंचाचा काढून हौसेने दीड इंचाचा आणला होता. इंजिनातले तेल तपासायची कांडी बाहेर येईना. तो परत केला.

छतासाठी नुसत्या गोंदावर भिस्त ठेवू नका. उष्णता सोसणारा गोंद लावाच, पण साधारण वीतभर अंतरावर धातूच्या खिळ्या आणि त्यावर रुंद वॉशरही बसवा. खिळ्या कप्प्याच्या आतल्या पत्र्यालाच चिकटवायच्या, आरपार भोक पाडायचे नाही. हिवाळ्यात उंदीर फोममध्ये घर करतात, तेवढेही एकदा विजेरी लावून बघा. आमच्याकडे अख्खे बाळंतपण झाले होते.

ओहायोकर

सर्वांचे मनापासून आभार. काम कालच पुरे झाले, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

डेसिबल यांचा संशय खरा ठरला. चारपैकी दोन माउंटचे रबर अर्धे फाटले होते आणि एक्झॉस्टच्या पहिल्या जोडावर काजळी होती. नवे माउंट आणि नवे गॅस्केट बसवल्यावर, अस्तर लावण्याआधीच, उघड्या कप्प्यासह थोडा वेळ जनरेटर चालवून पाहिला, तर पलंगाशेजारच्या खिडकीची काच, जी नेहमी थरथरायची, ती शांत होती. विजेरीच्या प्रयोगात आमच्याकडे तीन भोके सापडली, त्यांपैकी एकात अंगठा जात होता.

दार आणि छताला थरांचा फोम लावला, बाकी ठिकाणी एक इंचाचा मेलामाइन. फोनवरील मापकाचे आकडे खरे मानत नाही, पण एकाच फोनने, एकाच जागेवरून घेतलेली तुलना म्हणून सांगतो: पलंगावर पूर्वी ७३ दाखवत होता, माउंटनंतर ६८, आणि सगळे पूर्ण झाल्यावर ६४. बाहेर ५० फुटांवर आता ६१ ते ६२ येतो. म्हणजे नियमाच्या अजूनही काठावर, थोडा पलीकडेच. एक शंका उरली आहे. दाराच्या जाळीसमोर आतून पुठ्ठा धरला की आवाज एकदम कमी होतो. तिथे काही करता येईल का?

डेसिबल

जाळी झाकू नका. भिंतीचा शंभरावा भाग जरी उघडा असला, तरी बाकीची भिंत कितीही जाड केली तरी २० डेसिबलहून अधिक अडवता येत नाही, त्यामुळे आता उरलेला आवाज तिथूनच येतो हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे. पण जनरेटरचा श्वासही तिथूनच चालतो. जाळीच्या आत थोडे अंतर सोडून, आतल्या बाजूने फोम लावलेला एक आडवा पत्रा बसवता येतो, म्हणजे हवा वळसा घेऊन जाईल आणि आवाजाला सरळ वाट मिळणार नाही. वळणावरची मोकळी जागा कुठेही जाळीच्या उघड्या क्षेत्रफळापेक्षा कमी होता कामा नये. बसवण्यापूर्वी बनवणाऱ्या कंपनीच्या सेवा केंद्राला विचारा, आणि पहिल्या दिवशी एसीचा पूर्ण भार देऊन अर्धा तास शेजारी उभे राहून यंत्र तापते आहे का ते पाहा.

तोवर गाडी लावताना जनरेटरची बाजू शेजाऱ्यांच्या तंबूकडे न ठेवता झाडीकडे ठेवा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की सहा डेसिबल कमी होतात, त्यामुळे तुमचे उरलेले दोन डेसिबल आणखी पंधरा-वीस फुटांत भागतील. नियमातले माप ५० फुटांवरचेच राहील, पण शेजाऱ्याची झोप तरी मोडणार नाही.