हक्कसोडपत्रावरची सही : बहिणींचे अनुभव

वडिलांच्या पश्चात वारस नोंद झाली की सातबाऱ्यावर बहिणींची नावे चढतात आणि अनेक घरांत हक्कसोडपत्र करून ती लवकरच कमीही केली जातात. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मतः हिस्सा दिला, पण तोवर लग्न झालेल्यांना वगळले. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, असा निर्वाळा दिला. तरीही सही मागितली जाते. ती कोण मागते आणि कोणत्या शब्दांत, हे अनुभवलेल्यांनी लिहावे.

सातारा जिल्हा
आमच्याकडे हा विषय वर्षश्राद्धाच्या जेवणानंतर निघाला आणि तो भावाने नव्हे, आत्याने काढला, कारण तिनेही तिच्या वेळी सही केली होती. "माहेरचा उंबरा उघडा राहायला हवा ना?" एवढेच ती म्हणाली. आधार आणि पॅन भावाने आधीच मागवून घेतले होते. दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो निघाला, यंत्रावर अंगठा टेकवला आणि "स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, विनामोबदला" हे शब्द मी सहीनंतर वाचले. दबाव कोणी आणला, असे विचारले तर मला आजही कोणा एकाचे नाव घेता येणार नाही. संध्याकाळी वहिनीने साडी देऊन ओटी भरली.

नांदेड जिल्हा
मी सही केली नाही. जमीन वडिलांनी स्वतः विकत घेतलेली होती आणि मृत्युपत्र नव्हते. अशा स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगा आणि मुलगी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच समान वारस आहेत, म्हणजे २००५ चा वाद आमच्याकडे नव्हताच. भाऊबीज मात्र बंद झाली.

गोवा
आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनच मुलगे-मुली समान वारस आहेत आणि मुले असताना आईवडिलांना निम्म्याच मिळकतीचे मृत्युपत्र करता येते, त्यामुळे शेजारच्या राज्यातल्या मैत्रिणींना आमचा हेवा वाटतो. प्रत्यक्षात "तुझ्या लग्नात खर्च झाला, तोच तुझा वाटा" हे वाक्य इकडेही ऐकावे लागते आणि हक्क सोडल्याचा दस्त इकडेही होतो. भावाच्या लग्नाचा खर्च कोणी त्याच्या वाट्यातून वळता केल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

पुणे, एक भाऊ
आम्ही दोघा भावांनी बहिणीचे नाव ठेवायचे ठरवले, तर गावात चर्चा अशी की तीच हावरी. उतारा हातात आला तेव्हा आमची नावे भोगवटादार, म्हणजे जमीन धारण करणारे, म्हणून आणि तिचे नाव वेगळ्या, इतर हक्कांच्या रकान्यात होते. अशी नोंद करण्याची जुनी सवय आहे, असे तलाठ्याने सांगितले. दुरुस्तीचा अर्ज दिला आहे, मंडळ अधिकाऱ्यांपुढील सुनावणी बाकी आहे.