मदत हवी आहे: मॅगी वॉकर यांच्या बँकेवर अर्धा तास बोलायचंय, काय ठेवू नि काय गाळू?

शेवंती:

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्यातल्या महिला पतसंस्थेचा वर्धापनदिन पुढच्या महिन्यात आहे. दरवर्षी कुणीतरी पाहुणे येऊन सबलीकरणावर बोलतात, बायका माना डोलावतात आणि सगळं लक्ष मागे तळल्या जाणाऱ्या वड्यांकडे. यंदा अध्यक्षबाईंनी मलाच गळ घातली, "परदेशातल्या बाईची गोष्ट सांग, पण खरी आणि पैशाची." मी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय उद्योजिका हा विषय घेतला आणि वाचता वाचता मॅगी लीना वॉकर यांच्यापाशी अडकले. (नाव ऐकून पहिल्या रांगेत हशा पिकणार, हे धरूनच चालले आहे.)

थोडक्यात सांगते. जन्म १८६४, रिचमंड, व्हर्जिनिया. सावत्र वडील लवकर गेले, आई लोकांची धुणी धुऊन घर चालवू लागली आणि मॅगी ते गठ्ठे घरोघर पोचवायची. पुढे शिक्षिका झाली, पण १८८६ मध्ये लग्न झालं आणि तिथल्या नियमाप्रमाणे नोकरी सुटली. सेंट ल्यूक नावाच्या संघटनेत ती चौदाव्या वर्षापासून होती. सभासदांनी वर्गणी भरायची. आजारपणात मदत, कुणी गेलं तर मर्तिकाचा खर्च, असं त्या संघटनेचं काम. १८९९ मध्ये कारभार मॅगीबाईंकडे आला तेव्हा तिजोरीत ३१ डॉलर ६१ सेंट आणि डोक्यावर ४०० डॉलरची देणी!

त्यांनी वर्गणी वाढवण्याऐवजी धंदा वाढवला. १९०१ च्या सभेत त्यांनी सरळ मांडलं की आपला पैसा आपण एकत्र करू, आपल्याच माणसांना व्याजाने देऊ आणि नफाही आपल्याकडेच ठेवू. १९०२ मध्ये साप्ताहिक काढलं. बँकेचं काम कळावं म्हणून एका गोऱ्यांच्या बँकेत जाऊन बसल्या, शिकून घेतलं, आणि २ नोव्हेंबर १९०३ ला सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक उघडली. पहिल्याच दिवशी नऊ हजार डॉलरच्या वर ठेवी जमल्या. ठेवीदारांत धुणंवाल्या, घरकाम करणाऱ्या बायका पुष्कळ. मुलांना पुठ्ठ्याच्या छोट्या पेट्या द्यायच्या, त्यात एकेक सेंट टाकायचा, डॉलर झाला की खातं. आमच्याकडे पिग्मीवाली रोज बाजारात गाड्यांपाशी वीस-वीस रुपये गोळा करते, तिला हे समजावून सांगायची गरजच नाही.

आता अडचणी. १) दुकानाचं सांगावं का? १९०५ मध्ये त्यांनी सेंट ल्यूक एम्पोरियम हे मोठं दुकान काढलं. विक्रीला कृष्णवर्णीय मुली, कपडे दाखवायचे पुतळेसुद्धा सावळे. गोऱ्या व्यापाऱ्यांनी एकजूट करून घाऊकवाल्यांवर दबाव आणला आणि सहा-सात वर्षांत दुकान बंद पडलं. वर्धापनदिनाला अपयश नको, असं आमच्या सचिवबाईंचं मत. २) केसांच्या औषधांच्या धंद्यातल्या, "पहिली मिलियनेर" (दशलक्षाधीश) म्हटल्या जाणाऱ्या मॅडम सी. जे. वॉकर यांना घ्यावं का? दोघी वॉकर, ऐकणाऱ्यांचा गोंधळ होईल. ३) पडद्यावर दाखवायला फोटो कुठून घ्यायचे? कायद्याचं लचांड नको. ४) अध्यक्षबाईंना शेवटी "आजची एखादी" हवीच आहे.

---

खातेवही:

आधी एक राहिलंय ते घाला, नाहीतर त्या बँकेचं महत्त्व कळणार नाही. १८६५ मध्ये गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक काढली होती, संसदेच्या सनदेने. लोकांनी सरकारी समजून पैसे ठेवले. १८७४ मध्ये ती बुडाली तेव्हा ६० हजारांहून अधिक ठेवीदार होते. म्हणजे मॅगीबाई पैसे मागत होत्या ते एकदा पोळलेल्या लोकांकडे. ठेवी अडकणं काय असतं हे महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नाही, सभागृह आपोआप शांत होईल.

एम्पोरियम नक्की सांगा. सचिवबाईंना म्हणावं, दुकान बुडालं पण बँक बुडाली नाही, हाच तर मुद्दा. मंदीत सगळीकडे बँका कोसळत होत्या, तेव्हा १९३० च्या सुमाराला ही बँक रिचमंडमधल्या इतर कृष्णवर्णीय बँकांशी एकत्र होऊन कन्सॉलिडेटेड बँक अँड ट्रस्ट झाली. मॅगीबाई संचालक मंडळाच्या अध्यक्ष राहिल्या. मी आयुष्यभर बँकेत कारकुनी केली. विलीनीकरणाला वेळेवर हो म्हणणारे अध्यक्ष मला फार भेटले नाहीत.

---

टिवल्याबावल्या:

त्याच का कंगव्याचा शोध लावणाऱ्या? व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं होतं.

---

मोगरा_७:

@टिवल्याबावल्या, नाही, त्या मॅडम सी. जे. वॉकर, आणि केस सरळ करायच्या गरम कंगव्याचा शोध त्यांनीही लावलेला नाही. मूळ नाव सारा ब्रीडलव, जन्म १८६७, लुइझियाना. त्याही कपडेच धुवायच्या. आधी अ‍ॅनी टर्नबो मलोन यांच्या केसांच्या औषधांची विक्री केली, मग स्वतःचा माल काढला, १९१० मध्ये इंडियानापोलिसला धंदा हलवला. १९१९ मध्ये गेल्या तेव्हा मालमत्ता साधारण सहा लाख डॉलरची होती, त्यामुळे "मिलियनेर" जरा जपून वापरा.

शेवंतीताई, तुम्ही त्यांना गाळाच. पण मलोनबाईंचं मला वाईट वाटतं. सेंट लुईसला १९१८ मध्ये पोरो कॉलेज उभारलं, हजारो विक्रेत्या तयार केल्या, आणि सगळं नाव शिष्येला. त्यांच्यावर वेगळा धागा काढा कुणीतरी.

---

पीचट्री:

अटलांटाहून लिहितोय. "आजची" म्हणून नुसती यशोगाथा सांगू नका असं सुचवेन. आमच्याच शहरातल्या फिअरलेस फंडाचं प्रकरण बघा. कृष्णवर्णीय उद्योजिकांना २० हजार डॉलरचं अनुदान द्यायचे. २०२३ मध्ये त्यांच्यावर खटला झाला, की हा वंशावरून भेदभाव आहे. आधार कोणता, तर मुळात मुक्त झालेल्या गुलामांना करार करायचा हक्क मिळावा म्हणून केलेला १८६६ चा कायदा! जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाचा निकाल फंडाच्या विरोधात गेला, सप्टेंबरात तडजोड होऊन ते अनुदान बंद झालं. इथे ऑफिसात यावर दोन्ही बाजूंनी हमरीतुमरी होते, मी आपला डबा खातो.

फोटोंबद्दल: मॅगीबाईंचं रिचमंडच्या जॅक्सन वॉर्डमधलं घर आता राष्ट्रीय स्मारक आहे, नॅशनल पार्क सर्व्हिसकडे. पार्कच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून काढलेल्या फोटोंवर अमेरिकेत कॉपीराइट नसतो, सरकारी काम म्हणून. फोटोखाली दुसऱ्या कुणाचं नाव असेल तर मात्र सोडून द्या. घरातली लिफ्ट दाखवा. उतारवयात त्या चाकाच्या खुर्चीवर होत्या, तरी काम चालू.

---

शेवंती:

सगळ्यांचे आभार. खातेवही काका, १८७४ सुरुवातीलाच घेते. दुकानही राहणार, सचिवबाईंना मी बघते.

पीचट्री, खटल्याची माहिती चांगली आहे, पण दहा मिनिटं खाईल. प्रश्नोत्तरांत कुणी विचारलं तर सांगेन. "आजची" म्हणून मी अर्सुला बर्न्स घ्यायचं ठरवतेय. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत वाढलेली, एकट्या आईने वाढवलेली मुलगी, १९८० मध्ये उन्हाळी उमेदवारीला लागली आणि २००९ मध्ये त्याच कंपनीची प्रमुख झाली. कंपनी कोणती, तर झेरॉक्स! सातबाऱ्याची झेरॉक्स काढल्याशिवाय कर्जाचा अर्ज पुढे सरकत नाही, त्यामुळे हे नाव सभागृहात प्रत्येकीला पाठ आहे.

एकच शंका उरली. डॉलरचे रुपये करून सांगू का?

---

खातेवही:

मुळीच नको. १९०३ चा डॉलर आजच्या भावाने गुणलात तर आकडा खोटाच निघेल. ३१ डॉलर शिल्लक, ४०० देणं, एवढं फळ्यावर लिहा. बायका रोज हिशेब करतात, त्या बरोबर लावतील.